ग्रीसचं उदाहरण द्यायचं तर पूर्ण द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र होतं, महाराष्ट्रानं कमवायचं आणि दिल्लीनं ते यूपी-बिहारला वाटायचं, असंच चालू राहिलं तर कर्जात बुडून आपला ग्रीस होईल म्हणून. वाचून राहवलं नाही, कारण ग्रीसमध्ये झालं ते बरोबर याच्या उलटं, तिथं वाटून द्यायला दिल्लीच नव्हती.

ग्रीक लोक आळशी म्हणून बुडाले हे व्हॉट्सअ‍ॅपवर कायम फिरत असतं. तिथल्या सरकारनं हिशोब लपवले हे खरंय, २००९ ला नवीन सरकार आलं तेव्हा पितळ उघडं पडलं, बजेटची तूट अर्थव्यवस्थेच्या ३ टक्क्यांच्या आत हवी होती ती शेवटी १५ च्या वर निघाली. पण मग आयर्लंड आणि स्पेनचं काय? २००७ ला दोघांचंही बजेट शिलकीत होतं तरी दोघंही अडकले. आणि कामाचं म्हणाल तर ग्रीक कामगार वर्षाला जर्मन कामगारापेक्षा जास्त तास राबतो.

खरी अडचण म्हणजे २००१ पासून त्यांच्याकडं स्वतःचं चलनच नव्हतं. आपण १९९१ ला अडकलो तेव्हा सोनं गहाण टाकलं आणि जुलैत तीन दिवसांत दोनदा रुपया उतरवला. रुपया उतरला की बाहेरच्याला आपला माल स्वस्त पडतो हे तासगावच्या द्राक्षवाल्याला सांगायला नको, त्याचा कंटेनर युरोपला जातो, युरोचा भाव तो रोज मोबाईलवर बघतो. ग्रीसला ते करता येईना. युरो फ्रँकफुर्टच्या युरोपियन सेंट्रल बँकेच्या हातात, आणि त्या बँकेनं २०११ ला अशा अवस्थेत व्याजदर दोनदा वाढवले! मग उरलं काय, पगार कापा, पेन्शन कापा. २०१० ला ११० अब्ज युरोचं कर्ज मंजूर झालं पण त्यातला बराच पैसा जुनी देणी भागवण्यात गेला. अर्थव्यवस्था जवळपास पाव हिश्शानं घटली, २०१३ ला शंभरातले सत्तावीस बेकार, आणि २०१५ ला बँका बंद ठेवून एटीएममधून दिवसाला फक्त ६० युरो.

रुपयाही २८ राज्यांचं एकच चलन आहे. मग आपल्यात एखादं राज्य असं का बुडत नाही? आमच्या विटा भागातली गलाईवाली, म्हणजे सोनं-चांदी गाळणारी माणसं देशभर आहेत. माझ्या चुलतभावाचं दुकान त्रिशूरला होतं, तिथं धंदा बसला तसा तो मूस, भट्टी, तेजाबाचे कॅन उचलून कोइमतूरला गेला, नोटा त्याच, बँक तीच. तिथं तो भरतो तो इन्कम टॅक्स दिल्लीला जातो आणि त्यातला वाटा पुन्हा सगळ्या राज्यांना येतो. ग्रीसचे डॉक्टर जर्मनीला गेले तर त्यांचा टॅक्स जर्मनीलाच, कर्ज मात्र मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या डोक्यावर.

आणि दुसऱ्याला पोसायचं म्हणता, तर ७२ च्या दुष्काळात आमच्या आईनं खडी फोडलीय, सुकडी खाऊन दिवस काढलेत. रोजगार हमी ज्यांच्या डोक्यातून आली ते वि. स. पागे आपल्याच जिल्ह्यातले, विसापूरचे. मुंबईच्या पगारदाराचा प्रोफेशनल टॅक्स मुळात सुरू झाला तो याच योजनेसाठी. तेव्हा आटपाडी-खानापूरच्या लोकांना कुणी आळशी म्हटलं असतं तर आपल्याला काय वाटलं असतं? अडचणीतल्याला सगळ्यांनी मिळून सांभाळायचं हे युरोपलाही उशिरा का होईना पटलं, कोरोनात २०२० ला त्यांनी ७५० अब्ज युरोचा फंड सगळ्यांच्या नावावर कर्ज काढून उभा केला, आणि त्यातला मोठा भाग परत न मागण्याच्या बोलीवर दिला.

महाराष्ट्राचा वाटा कमी आहे हे मलाही मान्य आहे, केंद्राच्या करातला राज्यांचा वाटा वित्त आयोग ठरवतो, पंधराव्या आयोगात (२०२१-२६) राज्यांच्या पैशातले साधारण ६.३ टक्केच आपल्याला आले, त्या सूत्रासाठी भांडलंच पाहिजे. पण बिहारवर राग काढून काय होणार. सेस आणि सरचार्ज हे केंद्राचे जादा कर तर या वाटपात येतच नाहीत, पेट्रोलच्या लिटरमागं जातो तो रस्त्यांचा सेस दिल्लीच्याच हातात, वित्त आयोगाच्या सूत्रानं त्यात आपल्याला हिस्सा नाही आणि बिहारलाही नाही. ओरडायचं तर तिथं ओरडा. तुम्हाला विनंती एवढीच, पुढच्या बजेटच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर शेजारी शेजारी छापा, केंद्राचा कर किती जमणार, सेस किती आणि राज्यांना त्यातलं किती.

आपला,
एक वाचक, विटा (जि. सांगली)