खेळाडूलाही बाजार समितीबाहेर जाऊ द्या : शरद पवार यांना खुले पत्र

१२ जानेवारी २००८

मा. ना. श्री. शरदराव पवार,
केंद्रीय कृषी, ग्राहक व्यवहार, अन्न व सार्वजनिक वितरण मंत्री
तथा अध्यक्ष, भारतीय क्रिकेट नियामक मंडळ

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी सोलापूर जिल्ह्यातला. घरची चार एकर शेती आहे आणि गेली बावीस वर्षं संध्याकाळी गावातल्या मुलांना क्रिकेट शिकवतो. म्हणून हे पत्र कृषिमंत्र्यांनाही आहे आणि मंडळाच्या अध्यक्षांनाही.

बाजार समितीच्या आवारात कांदा उतरवला की काय होतं ते आपल्याला मी सांगायला नको. आडत, हमाली, तोलाई कापून हातात पट्टी येते. भाव पटला नाही तरी गाडी भरून परत न्यायची ऐपत नसते आणि दुसरं दारही नसतं. ते दुसरं दार असावं म्हणून आपण कृषिमंत्री झाल्यापासून राज्यांच्या मागे लागला आहात. केंद्राचा २००३ चा नमुना कायदा स्वीकारा, खाजगी बाजार होऊ द्या, थेट खरेदी होऊ द्या, असं आपण सांगत आलात. महाराष्ट्रानं तसा बदलही केला. आता एखाद्या बाजार समितीनं फर्मान काढलं, की ज्यानं एकदा बाहेर माल विकला त्यानं जन्मात पुन्हा आमच्या आवारात पाय ठेवायचा नाही, तर आपण ते एक दिवस तरी चालू द्याल का?

सुभाष चंद्रा यांच्या खाजगी इंडियन क्रिकेट लीगच्या बाबतीत आपल्या मंडळानं नेमकं हेच फर्मान काढलं आहे: तिथं जो खेळेल त्याच्यावर मंडळाची आजीवन बंदी.

गेल्या मार्चमध्ये पोर्ट ऑफ स्पेनला आपण बांगलादेशकडून हरलो, मग श्रीलंकेकडून हरलो आणि विश्वचषकातून पहिल्याच फेरीत बाहेर पडलो. पुढच्याच महिन्यात झी वाहिनीच्या सुभाष चंद्रा यांनी शंभर कोटी रुपये घालून नवी लीग काढत असल्याचं जाहीर केलं. खेळ ट्वेंटी-२० चा. तेव्हा भारताचा संघ या प्रकारचा एकच आंतरराष्ट्रीय सामना खेळलेला होता, डिसेंबर २००६ मध्ये जोहान्सबर्गला. ऑगस्टमध्ये या लीगकडे गेलेल्या ४४ भारतीय खेळाडूंची नावं पुढे आली. दुसऱ्याच दिवशी, लीगच्या मंडळावर असलेल्या कपिल देव यांना राष्ट्रीय क्रिकेट अकादमीच्या अध्यक्षपदावरून काढलं. ज्यानं १९८३ चा चषक आणला, ४३४ कसोटी बळी घेतले, त्याला! माझ्या नेटमध्ये त्या दिवशी कुणी धड चेंडू टाकला नाही. मुलं विचारत होती, सर, कपिलनं काय केलं? मला उत्तर देता आलं नाही. आजही येत नाही.

सुभाष चंद्रांविषयी जे बोललं जातं ते मी ऐकतो. प्रक्षेपणाचे हक्क मिळाले नाहीत म्हणून सूड उगवतोय, वाहिनीला कार्यक्रम हवेत म्हणून खेळाडू विकत घेतोय. धरून चालू की यात तथ्य आहे. तो व्यापारी आहे आणि नफ्यासाठी आला आहे. पण २००४ साली हक्कांसाठी त्यांच्या कंपनीची बोली सर्वांत मोठी, ३० कोटी ८० लाख डॉलरची होती आणि तरीही हक्क हाती आले नाहीत, हेही खरंच आहे. (तेव्हा आपण अध्यक्ष नव्हतात, हे मी विसरलेलो नाही.) घरात बसून कुढण्यापेक्षा त्यानं स्वतःचे संघ उभे केले, मैदान शोधलं, खेळाडूंना तीन-तीन वर्षांचे करार दिले. हिसारकडच्या धान्य व्यापाऱ्याच्या घरातला हा माणूस. १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये झी सुरू केलं तेव्हा देशात दूरदर्शनशिवाय घरच्या वाहिनीची कल्पना नव्हती. आज माझी आई रोज संध्याकाळी मराठी मालिका बघते, त्याची वाट तिथून निघाली.

आणि मक्तेदारीविरुद्ध क्रिकेटवाले स्वतःही एकदा लढले आहेत. १९९३ च्या हीरो कपच्या वेळी सामन्यांच्या प्रक्षेपणावरून दूरदर्शन अडून बसलं, तेव्हा बंगालची क्रिकेट संघटना न्यायालयात गेली. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की प्रसारणलहरी जनतेच्या आहेत, त्यावर कुणा एकाचा हक्क नाही. त्या निकालातून मंडळाच्या तिजोरीत किती आलं ते आपण जाणताच. मग आता मंडळानंच दूरदर्शनच्या जागी जाऊन बसायचं, हे मनाला पटत नाही.

त्याच २००४ च्या हक्कांच्या भांडणात मंडळानं सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की आम्ही सरकार नाही, आम्ही चेन्नईत नोंदलेली एक संस्था आहोत, आमचा संघ हा मंडळाचा संघ आहे. २ फेब्रुवारी २००५ ला पाचांपैकी तीन न्यायमूर्तींनी ते मान्य केलं. ठीक आहे. मग एका खाजगी संस्थेनं दुसऱ्याला तू सामने भरवू नकोस, तुझ्याकडे जो खेळेल त्याला आयुष्यभर बाद करीन, असं कोणत्या अधिकारानं म्हणायचं? आपल्या करार कायद्याचं २७ वं कलम १८७२ पासून आहे. माणसाला त्याचा धंदा करण्यापासून रोखणारा करार रद्दबातल, एवढं साधं त्यात लिहिलेलं आहे.

लंडनला हा वाद तीस वर्षांपूर्वी होऊन गेला. ऑस्ट्रेलियातला वाहिनीमालक केरी पॅकर यानं काढलेल्या खाजगी क्रिकेट मालिकेकडे गेलेल्या खेळाडूंवर बंदी घातली गेली, खेळाडू न्यायालयात गेले आणि न्यायमूर्ती स्लेड यांनी ती बंदी बेकायदा ठरवली. त्या खटल्यात पहिलं नाव टोनी ग्रेगचं होतं. तोच ग्रेग आज कपिल देव, किरण मोरे आणि डीन जोन्ससोबत या लीगच्या मंडळावर बसला आहे. पॅकरलाही तेव्हा क्रिकेटचा शत्रू म्हटलं होतं. प्रकाशझोतातले सामने, रंगीत कपडे, पांढरा चेंडू हे सगळं त्यानं रुळवलं आणि आज मंडळ त्याच्यावरच कमावतं.

मंडळाची मैदानं बंद झाली म्हणून ही लीग पंचकुल्याच्या ताऊ देवीलाल स्टेडियमवर झाली. रेल्वेमंत्री लालूप्रसादजींनी रेल्वेची मैदानं खुली केली, याबद्दल त्यांचे आभार मानतो. मी सामने दूरचित्रवाणीवर पाहिले. दर्जा नेहमीच चांगला होता असं नाही. सहाही संघांचा मालक एकच असणंही मला खटकतं. दोन संघांच्या मालकांत खरी स्पर्धा नसेल तर लोकांचा विश्वास बसायला वेळ लागतो. हे मी सुभाष चंद्रांनाही सांगेन. पण चेन्नई आणि चंडीगडची अंतिम लढत बघताना माझ्या ओट्यावर वीस माणसं होती. मुंबईच्या संघाला शिकवायला संदीप पाटील, दिल्लीला मदनलाल. हे लोक क्रिकेट बुडवायला निघालेत असं म्हणवत नाही, साहेब.

आता मंडळ स्वतःची लीग आणत आहे. सप्टेंबरमध्ये ती जाहीर झाली, एप्रिलमध्ये सुरू होईल. चांगलं आहे, माझी मुलं तीही बघतील. पण खेळाडू मोठ्या पैशात विकला जाणं हे पाप नाही, हे त्यातून मंडळानंच कबूल केलं. मग चंद्रांच्या लीगकडे गेलेल्या अंबाती रायुडूचा गुन्हा काय राहिला? २००४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात तो भारताचा कर्णधार होता. वर्षानुवर्षं निवड समितीच्या फोनची वाट बघायची की आज हातात येणारा करार घ्यायचा, हा निर्णय त्यानं बाविसाव्या वर्षी घेतला. तो चुकला असेलही. त्याची शिक्षा जन्मठेप असू नये.

खेळाडूच्या घरात काय असतं ते आपल्याला माहीत आहे म्हणून धीर करून लिहितो. आपले सासरे सदू शिंदे सात कसोटी खेळले. १९५१ साली दिल्लीत इंग्लंडचे सहा गडी त्यांनी ९१ धावांत गारद केले, ते आमच्या वडिलांनी मला लहानपणी कितीदा तरी सांगितलं होतं. तिशी नुकती ओलांडली असताना ते गेले. त्या काळच्या क्रिकेटपटूच्या मागे घरच्यांसाठी काय उरायचं, हे आपल्या घराइतकं कुणाला ठाऊक असेल? आणि आत्ता सिडनीच्या कसोटीनंतर मंडळ वंशद्वेषी शिवीगाळीच्या आरोपावरून बंदी लागलेल्या हरभजनच्या मागे ठाम उभं राहिलं, ते बघून ऊर भरून आला. एका खेळाडूसाठी दौरा थांबवायची तयारी असलेलं मंडळ शंभरभर खेळाडूंना वाऱ्यावर सोडणार नाही, अशी आशा म्हणूनच वाटते.

माझा एक विद्यार्थी आहे. डावखुरा फिरकीपटू. बारा वर्षांचा असताना सायकलवरून अकरा किलोमीटर येत असे. रणजीच्या संभाव्य खेळाडूंत दोनदा नाव आलं, सामना एकही मिळाला नाही. बहिणीचं लग्न झालं, कर्ज झालं. चंद्रांच्या लीगच्या निवड चाचणीत तो पास झाला, करार मिळाला, कर्जाचा मोठा हप्ता फिटला. पेढे घेऊन आला तेव्हा मी त्याला पहिल्यांदा नव्या बुटांत पाहिलं. दिवाळीनंतर सरावाला परत आला, तर ज्या मैदानाचा आम्ही वापर करतो तिथल्या कारभाऱ्यांनी त्याला फाटकातच थांबवलं. वरून आदेश आहे म्हणाले. लेखी काही नव्हतं. तो वाद न घालता कुंपणाबाहेर उभा राहिला आणि तिथून आमच्या चौदा वर्षांच्या पोराला ओरडून सांगत होता, मनगट वळव, खांदा नको.

साहेब, आजीवन बंदी मागे घ्या, एवढी माझी मोठी मागणी आहे. कपिल देव यांना सन्मानानं परत बोलवा, ही दुसरी. सुभाष चंद्रांशी मंडळानं खुशाल स्पर्धा करावी, चांगली लीग काढून हरवावं. त्यांना हरवायला पोरांची पोटं मारायची गरज नाही.

तिसरी गोष्ट लहान आहे. मे महिन्यात मी मुलांचं शिबिर घेतो. त्या मुलाला फिरकी शिकवायला मैदानात बोलवायचं आहे. बोलावलं तर माझ्या शिबिरातल्या मुलांची नावं जिल्ह्याच्या निवडीतून कटतील का, एवढं मला आपल्या कार्यालयातून लेखी कळवावं. उत्तर येईपर्यंत मी पत्रकं छापायला टाकलेली नाहीत.

आपला नम्र,
एक क्रिकेट प्रशिक्षक आणि शेतकरी,
जि. सोलापूर