सुमे, गोळ्या ड्रॉवरमध्ये टाकू नकोस

प्रिय सुमे,

काल तुझा मेसेज वाचला. पाचवा महिना, एचबी म्हणजे हिमोग्लोबिन ८.४, आणि पुढे हसणारा इमोजी टाकून "थोडं रक्त कमी आहे म्हणे". अगं हसतेस काय! माझं पण ८.६ होतं आणि मी पण अशीच हसले होते. गरोदरपणात ११ च्या खाली गेलं की कमीच धरतात, आणि ७ ते ९.९ म्हणजे मध्यम अ‍ॅनिमिया, पण मला तेव्हा कुणी हे समजावलंच नाही, नुसत्या लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या.

मी काय केलं ऐक. गोळी घेतली की मळमळायचं, पोट साफ व्हायचं नाही, शी काळी व्हायची (ती होतेच, घाबरू नकोस), म्हणून एक दिवस घ्यायची आणि दोन दिवस विसरायची. घ्यायची ती पण सकाळच्या चहासोबत, आणि कॅल्शियमची गोळी पण त्याच घोटात, एकदाचं काम उरकलं म्हणून. चहा आणि कॅल्शियम दोन्ही लोह अंगी लागू देत नाहीत हे मला नवव्या महिन्यात आशाताईंनी सांगितलं. तू दोन्ही गोळ्यांत किमान दोन तास ठेव आणि लोहाची लिंबूपाण्याबरोबर घे, मळमळलं तर रात्री झोपताना. सासूबाई मला रोज बीटाचा रस द्यायच्या, प्रेमाने हं, पण बीटाचा रंगच तेवढा रक्तासारखा, लोह त्यात फारसं नसतंच. आणि शेजारच्या काकूंचं "गोळ्यांनी बाळ काळं होतं" हे तर कानाआडच टाक.

खरी गंमत बाळंतपणानंतर झाली. रक्त थोडं जास्तच गेलं आणि एचबी ७.४ वर आलं. बाळाला घ्यायला उठून बसले की डोळ्यापुढे अंधारी यायची, छाती धडधडायची, दहा मिनिटं पाजलं की हात गळायचे. मग मी निजूनच राहायची, बाळ कमी वेळा ओढायचं, जेवढं कमी ओढणार तेवढं दूध पण कमीच तयार होणार ना, आणि चौथ्या दिवशी घरात सगळ्यांनी निकाल दिला की हिला दूधच नाही, आणा पावडरच्या दुधाचा डबा. मी तर रडून रडून बेजार. दूध नव्हतं असं नव्हतं गं, अंगात त्राणच नव्हतं. मग शिरेतून लोह दिलं, कुशीवर पडून पाजायला शिकवलं, आणि तीन आठवड्यांनी डबा सुटला. दिवसाला सहा-सात लंगोट ओले होतायत आणि वजन वाढतंय म्हणजे दूध पुरतंय, हे मला आधी माहीत असतं तर.

आणखी एक, आपलं लोह कमी असलं तरी दुधातलं लोह फारसं घटत नाही, त्यामुळे "माझं दूध पातळ, निकस" असलं काही मनात आणू नकोस. बाळाचा पहिल्या सहाएक महिन्यांचा साठा बराचसा पोटात असतानाच होतो, शेवटच्या तीन महिन्यांत. म्हणून आत्ताच लाग कामाला. डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेव की बाळाची नाळ एक ते तीन मिनिटं थांबून कापाल का, तेवढ्यात बाळाला चांगलं रक्त मिळतं.

सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड असतं, तुझ्यासारखीला सहसा दिवसाला दोन देतात, पण तुझे डॉक्टर सांगतील तेवढ्याच घे. महिन्याने परत एचबी कर, साधारण एक ग्रॅम तरी वाढायला हवं. गोळ्या नीट घेऊनही नाही वाढलं तर थॅलेसेमिया मायनरची (रक्ताचा एक आनुवंशिक दोष) टेस्ट आणि आयर्नच्या सलाईनबद्दल विचार, लाजू नकोस. बाळंतपणानंतर पण सहा महिने गोळ्या चालूच ठेवायच्या, पाजताना चालतात. अळिवाचे लाडू मी करून आणते, पण ते बाळ झाल्यावर, आत्ता मागू नकोस.

रिपोर्टचा फोटो पाठव, आणि चहा कधी पितेस ते खरं खरं सांग.

तुझी,
मंदी