इसबाचे मोजमाप करताना झोपेचेही विचारा

महोदय,

आपल्या आरोग्य पुरवणीतला इसबावरचा लेख वाचला. मलमे, पथ्य, साबण कोणता वापरावा, सगळे आले. पण इसब किती वाढले आहे हे ठरवायचे कसे, यावर एक ओळही नाही. उपचार सौम्य द्यायचे की कडक, हे तर त्यावरच ठरते.

माझ्या मुलीला लहानपणापासून इसब आहे. दवाखान्यात कोपराच्या लवणीवर एक नजर टाकली जाते आणि ‘माइल्ड आहे’ म्हणून चिठ्ठी हातात पडते. ती रात्री किती वेळा खाजवत उठते, हे कोणी विचारत नाही. बाहेरची रांग पाहता डॉक्टरांवर तरी किती रागवायचे!

मोजण्याच्या पद्धती आहेत. ‘ईझी’ या पद्धतीत शरीराचे चार भाग धरून प्रत्येक भागातली लाली, फुगवटा, ओरखडे आणि जाड झालेली कातडी यांना ० ते ३ गुण देतात. किती जागा व्यापली तेही धरतात. एकूण गुण ७२. यात दोन अडचणी. एक, लाली गोऱ्या कातडीवर जशी उठून दिसते तशी आपल्या सावळ्या कातडीवर दिसत नाही. तिथे चट्टा तपकिरी, जांभळट किंवा राखाडी दिसतो, आणि गुण कमी पडतात. दुसरी, खाज आणि झोप यांचा त्यात हिशेबच नाही. ‘स्कोरॅड’ या १९९३ च्या युरोपीय पद्धतीत तो आहे, पण १०३ पैकी २० गुणांपुरताच.

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची ‘पोएम’ ही प्रश्नावली मात्र पूर्ण रुग्णाच्याच तोंडची. गेल्या आठवड्यात किती दिवस खाज आली, झोपमोड झाली, रक्त आले, पाणी सुटले, भेगा पडल्या, पापुद्रे निघाले, कातडी कोरडी पडली, असे सात प्रश्न. गुण ० ते २८. आठपासून मध्यम, सतरापासून तीव्र. लहान मुलांसाठी पालकांनी भरायची. नंबर येईपर्यंत बाकावर बसून भरून होते, आणि मागच्या खेपेचा कागद शेजारी ठेवला की औषध लागू पडतेय का, तेही कळते.

डॉक्टरांच्या तपासणीची जागा ही प्रश्नावली घेणार नाही, पण सोबत हवीच. त्वचारोग विभागांनी ती सोप्या मराठीत बाकावर ठेवावी. आणि आपणही पुढच्या पुरवणीत या पद्धतींची माहिती द्यावी, ही विनंती.

– एक पालक, सातारा