गॅरेजची जमीन आणि आपला पार्किंगचा कोबा

मिसिसागा, कॅनडा
६ ऑक्टोबर

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबा म्हणालात, "तुझ्या गॅरेजच्या जमिनीचं तू काय काय केलंस ते नीट लिहून पाठव, मिस्त्रीला वाचून दाखवतो." फोन मध्ये मध्ये तुटत होता, पण मागून मिस्त्रीचा आवाज स्पष्ट आला, "दोन गोणी सिमेंट आणतो, पार्किंगच्या कोब्यावर वरून एक हात मारून देतो." तेव्हापासून जिवाला चैन नाही. म्हणून आज सुट्टीच्या दिवशी सकाळीच लिहायला बसले. बाबा, हे पत्र वाचून होईपर्यंत त्याला सिमेंट आणू देऊ नका.

आई, मनगट कसं आहे? प्लास्टर निघालं असलं तरी कणीक मळायची घाई करू नकोस, वहिनीला करू दे. जुलैत तू पार्किंगमधल्या त्या डबक्यावरून घसरलीस आणि मी इथे बसून काहीच करू शकले नाही, हे अजून सलतं. हे काम नीट व्हावं असं मला वाटतं ते त्यासाठीच.

आधी इथलं सांगते. आम्ही घर घेतलं तेव्हा गॅरेजच्या जमिनीवर राखाडी रंग होता, छान दिसायचा. पहिल्याच हिवाळ्यानंतर चाकं जिथे उभी राहतात तिथला रंग सालीसारखा निघाला, आणि खाली कोबा कुजल्यासारखा भुसभुशीत. बोटाने खरवडलं तरी वाळू सुटायची. दाराजवळ तर वीतभर रुंदीचे खड्डे, आतली खडी उघडी. याचं कारण मीठ. इथे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. गाडीच्या चाकांना चिकटून तो खारट चिखल घरात येतो, गॅरेजमध्ये गळतो आणि काँक्रीटमध्ये मुरतो. पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं. मार्च महिन्यात दिवसा वितळतं, रात्री पुन्हा गोठतं, असं रोज चालतं आणि वरचा पापुद्रा आतून उचलला जातो. हे होऊ नये म्हणून इथे अशा जागेच्या काँक्रीटमध्ये मुद्दाम ५ ते ८ टक्के हवेचे सूक्ष्म बुडबुडे ठेवतात, फुगणाऱ्या पाण्याला जागा मिळावी म्हणून. आमच्या जमिनीत ते पुरेसे नसावेत, किंवा वरून जास्त घोटल्यामुळे वरच्या थरातले निघून गेले असावेत.

दुरुस्तीची पहिली पायरी ठोकून बघण्याची. हातात हातोडी घेऊन गुडघ्यावर बसले आणि वीत-वीत अंतरावर टकटक करत गेले. पहिले दहा-बारा ठोके सगळे सारखेच वाटले. मग एका जागी आवाज बदलला. आधी टण्ण, टण्ण, आणि एकदम बद्द. बाबा, त्या क्षणी मला तुम्ही आठवलात. उन्हाळ्यात माठवाला दारावर आला की तुम्ही एकेक माठ तळहातावर धरून बोटाच्या पेराने वाजवायचात आणि कान जवळ न्यायचात. मी विचारलं होतं, काय ऐकता? तुम्ही म्हणालात, चिरलेला माठ आवाज लपवू शकत नाही. तोच आवाज होता. दिसायला तिथली जमीन गुळगुळीत होती, एक चरासुद्धा नव्हता. पण थर खालून सुटलेला. खडूने त्याभोवती रेघ ओढली. दुपारपर्यंत सगळ्या गॅरेजभर खडूची बेटं झाली, आणि डोळ्यांनी दिसणाऱ्या खड्ड्यांच्या जवळजवळ तिप्पट जागा खराब निघाली.

मिस्त्रीला नेमकं हेच समजावून सांगा. नवीन माल कितीही भारी आणा, तो ज्याला धरून बसणार तेच सुटलेलं असेल, तर दोघं मिळून निघतात. मागच्या खेपेला तुम्ही मारून घेतलेला सिमेंटचा हात एका पावसाळ्यात पापडासारखा उठला, तो याचमुळे.

खडूच्या रेघेबाहेर दोन बोटं सोडून मी कटरने सरळ चौकोन कापले, अर्धा इंच खोल. कड उभी हवी. निमुळती ठेवली तर तिथे माल कागदासारखा पातळ होतो आणि चाक गेलं की तुटतो. मग छिन्नीने आतलं सगळं काढलं, पुन्हा ठोकलं, टण्ण आवाज येईपर्यंत काढलं. उरलेला रंग आणि तेलाचे डाग ग्राइंडरने घासले, त्याला धूळ ओढणारं यंत्र जोडून. काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात बसली की परत निघत नाही. मिस्त्री आणि त्याचा पोरगा तोंडाला नुसता रुमाल बांधून कापतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. बाबा, त्यांना चांगले एन-९५ मास्क तुम्ही स्वतः आणून द्या, आणि कापताना पाण्याची धार धरायला सांगा.

यानंतर माझी एक मोठी चूक होता होता राहिली. दुकानात एकाने आपोआप सपाट होणारा माल सुचवला. घावनाच्या पिठासारखा पातळ कालवायचा, ओतायचा, तो स्वतःच पसरून पाणसळीत बसतो. ऐकून किती सोपं वाटलं! घरी येऊन पातळी बघायची पाण्याची नळी लावली तेव्हा कळलं की गॅरेजची जमीन मुळात सपाट नाहीच, आणि नसायलाच हवी. आतल्या भिंतीपासून दारापर्यंत फुटाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, उतार आहे. गॅरेज वीस फूट खोल, म्हणजे दाराशी जमीन अडीच इंच खाली. तो पातळ माल ओतला असता तर हा ढाळच गेला असता आणि खारट पाणी आत साचून राहिलं असतं. शिवाय त्यातले बरेचसे माल वर लादी किंवा लाकूड बसवण्यासाठी असतात, गाडीच्या चाकाखाली थेट टिकत नाहीत. मग मी पॉलिमर घातलेला दुरुस्तीचा जाड माल आणला, जो थापीने हवा तसा उतरता लावता येतो. सपाट म्हणजे पट्टी टेकवली की खाली उजेड दिसू नये एवढंच. पट्टी स्वतः उतरती असली पाहिजे.

आदल्या रात्री खड्ड्यांत पाणी भरून ठेवलं. सकाळी साचलेलं पुसून काढलं, काँक्रीट आतून ओलं पण वरून चकाकत नाही असं. कोरडं असतं तर त्याने नव्या मालातलं पाणी शोषून घेतलं असतं. मग त्याच मालाची रबडी करून ब्रशने रगडून लावली आणि ती सुकायच्या आत माल भरला. पहिल्या घमेल्यात मी पाणी जास्त घातलं. हात भरून आला होता आणि माल घट्ट वाटत होता, म्हणून तांब्याभर वाढवलं. थापी लोण्यासारखी फिरली. चौथ्या दिवशी त्याच चौकोनावर केसासारख्या चिरा आणि हाताला पांढरी भुकटी. बाकीचे चौकोन दगडासारखे. तो एक पुन्हा छिन्नीने काढला, मोजून पाणी घातलं आणि पुन्हा भरला. दोन दिवस गेले त्यात.

जमिनीत मुळात कापलेला जो सांधा होता, तो नव्या मालातही त्याच जागी कापून घेतला आणि लवचीक सीलंटने भरला. तो बुजवला असता तर चीर त्याच रेषेवर पुन्हा वर आली असती. सगळ्यावर तीन दिवस ओलं कापड आणि प्लास्टिक. महिन्याभराने, काँक्रीटच्या आत मुरणारं सीलर मारलं, म्हणजे या हिवाळ्यात मीठ आत जाणार नाही.

आता आपलं नेरूळचं. तिथे बर्फ नाही, मीठ टाकत नाहीत, तेव्हा दुखणं वेगळं आहे. दादाने पाठवलेले फोटो मी मोठे करून पाहिले. डबकं नेहमी एकाच कोपऱ्यात आहे, आणि गच्चीच्या पाण्याचा पाईप बरोबर त्याच कोपऱ्यात उघडतो. तीस वर्षं पावसाळ्यात तिथे धार पडतेय. खाली भराव आहे. तो हळूहळू वाहून गेला असणार आणि कोबा पोटातून पोकळ होऊन बसला असणार. तसं असेल तर वरून काहीही टाकून उपयोग नाही. उलट वजन वाढून आणखी खचेल. आधी पाईप वाढवून गटाराच्या चेंबरपर्यंत न्या. हे पहिलं काम, आणि हे आजही करता येईल.

मग कोपरा ठोकून बघा. बद्द आवाज येईल तेवढा कोबा फोडा, सैल माती काढा, मुरूम थराथराने टाकून पाणी मारून धुम्मसने ठोका. एकदम सगळा भरून वरून ठोकला तर खालचा थर तसाच सैल राहतो. बाकी कोबा टणक असेल तिथे टाचे मारून, म्हणजे छिन्नीने खरबरीत करून, धुऊन, वर दोन इंचाचा नवा थर चालेल. पण त्याआधी गेट उघडून खाली किती फट आहे ती मोजा, आणि चेंबरचं झाकण व घराचा उंबरा यांची उंची बघा. दोन इंच वाढले आणि गेट घासायला लागलं, किंवा पाणी उंबऱ्याकडे वळलं, तर पुढच्या पावसात ते थेट हॉलमध्ये येईल. जागा कमी पडत असेल तर जुना कोबा पूर्ण फोडावा लागेल. खर्च वाढेल, तो मी पाठवते, त्याची काळजी नको.

माल एकास दोनास चार, म्हणजे एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार बारीक खडी. ५० किलोच्या गोणीला २५ लिटरच्या वर पाणी नको, आणि वाळू ओली असेल तर त्याहून कमी. मिस्त्री हसेल, पण तुम्ही बादली मोजून उभे राहा. पाच-सहा फुटांचे चौकोन, एक सोडून एक भरायचे. उतार गेटकडे, फुटाला एक सूत. आणि वरून घोटून आरसा करायचा नाही! माल ओला असतानाच खराट्याने आडव्या रेषा ओढायला लावा. आई, तुझा पाय त्यावर धरून राहील.

वरून एपॉक्सीचा चकचकीत रंग मारून देतो असं जो माणूस म्हणतोय ना, त्याला आत्ता नाही म्हणा. हवं तर एक तपासणी करा. दीड फूट चौकोनी प्लास्टिक जमिनीवर पसरून चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी उघडा. खाली दव दिसलं तर जमिनीतून ओल वर येतेय, आणि कसलाही रंग फुगून निघणार. आमच्या त्या राखाडी रंगाला मी भुलले तसे तुम्ही भुलू नका.

घाई कसलीच नाही. आत्ता पावसाने जमीन भिजलेली आहे, आणि ऑक्टोबरच्या उन्हात कोबा वरून भराभर सुकून चिरा पडतात. तुळशीचं लग्न होऊ द्या, मग काम काढा. बाजारात मिळतं ते सिमेंट बहुतेक पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं, असतं, म्हणून किमान १० दिवस आळं करून पाणी ठेवा. मिस्त्री तीन दिवसांत म्हणेल झालं, पण तुम्ही ऐकू नका. स्कूटर आत न्यायला दोन आठवडे, आणि दादाच्या गाडीला महिनाभर बाहेरच राहू दे. वहिनीला सांगा, तोवर रांगोळी पायरीवर.

बाबा, एक काम मात्र या रविवारी कराच. गुडघा दुखत असेल तर स्टुलावर बसा आणि काठीच्या लोखंडी टोकाने जमीन वाजवा, गेटपासून सुरुवात करून त्या कोपऱ्यापर्यंत. दादाला शेजारी फोन धरायला सांगा आणि आवाज रेकॉर्ड करून मला पाठवा. जिथे बदलेल तिथे खडूने रेघ ओढा.

तुमची,
छकू