खाण संपली म्हणायच्या आधी घडी बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात छोट्या मँगनीज खाणींवर बातमी होती, त्यात माल संपला की खाण बंद होते असं अगदी सरळ लिहिलंय. ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी अशाच एका छोट्या खाणीत बरीच वर्षं सॅम्पलिंग, म्हणजे दगडाचे नमुने घेऊन माल ओळखण्याचं काम, केलंय आणि मी जे पाहिलं त्यात माल संपला कमी वेळा, हरवला जास्त वेळा.

मँगनीज मुळात समुद्राच्या तळाशी साचलेलं. ऑक्सिजन कमी असलेल्या पाण्यात ते विरघळून राहतं, ऑक्सिजन मिळाला की काळा गाळ होऊन खाली बसतं, लोखंड त्याच्या आधीच बसून जातं म्हणून दोघांचे थर बऱ्याच ठिकाणी वेगळे सापडतात. जॉर्जियातल्या चिआतुराला हे थर आजही जवळपास आडवे आहेत, तिथे थर धरून चालत राहायचं. पण नागपूर-भंडारा-बालाघाट पट्ट्यातले सौसर गटाचे खडक जमिनीत खोल गेले, तापले, दाबले गेले, त्यांच्या घड्यांवर घड्या पडल्या, आणि वाळू-चिकणमाती मिसळलेल्या मँगनीजच्या थराचा गार्नेट आणि क्वार्ट्झ या कडक खनिजांचा खडक झाला, ज्याला जिऑलॉजिकल सर्व्हेतल्या फर्मोर यांनी गोंड लोकांवरून गोंडाइट असं नाव दिलं. अशा जागी थर घडीच्या वळणात जाड होतो, बाजूंना बारीक होत जातो आणि ओल्या मातीची वळी ताणल्यावर मध्येच तुटते तसा तुटतो. छोटी खाण म्हणजे बऱ्याचदा असा एखादाच तुकडा.

आमच्याकडे एकदा असंच झालं. फेसवर, म्हणजे खोदकाम चालू असलेल्या भिंतीवर, दोन माणसं उंच असलेला थर बघता बघता हातभर राहिला आणि मग नुसता शिस्ट, म्हणजे पापुद्र्यांचा बिनमालाचा खडक. सगळे म्हणाले संपलं. आमचे फोरमन मात्र कंदील भिंतीला लावून तासभर बसून होते, त्या शिस्टमध्ये बोटभर उंचीच्या बारीक बारीक घड्या होत्या आणि त्यांची टोकं सगळी एकाच बाजूला खाली कललेली. ते म्हणाले मोठी घडी पण तिकडेच उतरत असणार. लहान घडी मोठीचा कल दाखवते हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, पण तिच्या भरवशावर बोगदा वळवणारा माणूस पहिल्यांदा पाहिला. माल तिथेच होता.

उलटंही घडलंय आणि त्यात चूक माझीच होती. काळा दिसतो म्हणून एक पट्टा मी माल म्हणून मार्क केला, बरेच दिवस खोदकाम झालं आणि नंतर दगड फोडला तर आत नारिंगी-तपकिरी गार्नेटचे दाणे, काळेपणा फक्त वरच्या साक्याचा. दगड फोडल्याशिवाय, रेघेचा रंग बघायला बिनचकाकीच्या टाइलवर घासल्याशिवाय आणि हातात तोलल्याशिवाय बोलू नये हे मी तेव्हापासून पाळलं. मँगनीजच्या खनिजांपैकी पायरोल्युसाइट मऊ असेल तर बोटं काळी करतो, ब्राउनाइट कडक असतो, तसा माखत नाही.

दुसरी गोष्ट खोलीची. वरच्या भागात पावसाचं पाणी लाखो वर्षं मुरून सिलिका (वाळूतला, मालात नको असलेला घटक) धुऊन नेतं, म्हणून वर ग्रेड, म्हणजे मालातलं मँगनीजचं प्रमाण, छान मिळतो आणि छोटे खाणवाले तेवढाच काढून निघून जातात. खाली ब्राउनाइट लागतो, त्यात साधारण १० टक्के सिलिका स्फटिकातच बसलेली असते, ती कितीही धुतलं तरी जात नाही. जिगमध्ये, म्हणजे पाण्यात हलवून हलकं-जड वेगळं करणाऱ्या मशीनमध्ये, क्वार्ट्झ सहज वेगळा होतो कारण तो हलका, पण गार्नेट पाण्याच्या चौपटीहून जड, तो मालाबरोबरच राहतो. तेव्हा खाली माल नसतो असं नाही, त्या काळच्या भावात आणि मशीनमध्ये तो परवडलेला नसतो. हा फरक बातमीत यायला हवा होता.

बातमीत धुळीबद्दलही एक शब्द नव्हता. मँगनीजच्या धुळीने मज्जासंस्थेवर परिणाम होतो, चाल बिघडते, चेहरा ताठ होतो, हे स्कॉटलंडमध्ये मँगनीज दळणाऱ्या कामगारांवरून १८३७ साली नोंदलं गेलंय. पाणी मारून ड्रिलिंग करणं म्हणूनच टाळता येत नाही.

आता मुख्य विनंती. छोटी खाण बंद होते तेव्हा पंप थांबतो आणि पाणी चढत जातं, आणि त्या पाण्याखाली कुठपर्यंत खोदलं होतं याचा नकाशा अनेकदा कुणाकडेच नसतो. पुढे कधी शेजारून दुसरं खोदकाम आलं आणि त्या जुन्या पोकळीला भोक पडलं तर सगळं पाणी आतल्या माणसांवर येतं. म्हणून अशा बातम्या देताना तुमच्या वार्ताहरांनी एक प्रश्न विचारावा, शेवटचा प्लॅन कधी काढला आणि तो कुठे ठेवलाय. आणि पंप बंद करायच्या आधी सर्व्हेअरला दोन दिवस द्यायला सांगा, प्रत्येक फेसचं माप, थराचा कल आणि त्या बोटभर घड्यांचे फोटो घेऊ द्या.

आपला,
एक जुना सॅम्पलर