माहितीतील दुरुस्तीलाही गुण द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अभियांत्रिकीचे विद्यार्थी मुक्त सॉफ्टवेअरला हातभार लावत असल्याचा लेख आपल्या सांगली पुरवणीत वाचला. मात्र हातभार म्हणजे नवा कोड, एवढेच त्यात गृहीत धरले आहे. नमपायसारख्या आकडेमोडीच्या लायब्ररीत (म्हणजे इतरांना वापरता येणाऱ्या तयार कोडच्या संचात) कोडसोबतची माहिती, म्हणजे तो कसा वापरायचा याचे डॉक्युमेंटेशन, नेमकी करणे हे कामही तितकेच तांत्रिक असते.

तासगावकडच्या एखाद्या बागेतील पाच द्राक्षघडांची गोडी १६, १७, १८, १९ व २० ब्रिक्स (गोडी मोजण्याचे एकक) भरली असे समजू. या आकड्यांचे प्रमाण विचलन, म्हणजे ते सरासरीभोवती किती विखुरले आहेत याचे माप, नमपाय १.४१ देते, तर पांडास ही दुसरी लायब्ररी १.५८. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. वेगळी सूचना नसेल तर वर्गमूळ काढण्याआधी नमपाय सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज पाचाने भागते आणि पांडास चाराने. पाच घडांवरून साऱ्या बागेचा अंदाज बांधायचा तर चाराने भागण्याचीच रीत आहे. नमपायच्या माहितीत हे दिलेले आहे, शिवाय तसे भागूनही येणारे प्रमाण विचलन पूर्णपणे निःपक्षपाती नसते (अंदाज एका बाजूला थोडा झुकलेलाच राहतो), हा बारकावाही नोंदवलेला आहे. असा खुलासा संदिग्ध राहिला तर कोड निर्दोष असूनही निष्कर्ष चुकतो, आणि पडद्यावर कोणतीही एरर येत नसल्याने ते कोणाच्या ध्यानातही येत नाही.

आवृत्ती बदलली की माहितीही शिळी होते. दशांश संख्येच्या प्रकारासाठी वापरले जाणारे 'एनपी.फ्लोट' हे नाव नमपायच्या १.२४ या आवृत्तीत काढून टाकले गेले. २०२४ साली आलेल्या २.० मध्ये एकट्या दशांश संख्येचे उत्तर 'एनपी.फ्लोट६४' या शब्दासह कंसात दिसू लागले, त्यामुळे माहितीतील उदाहरणांची छापील उत्तरेही बदलावी लागली. हे काम करणाऱ्याला प्रत्येक उदाहरण चालवून पाहावे लागते आणि त्याची दुरुस्ती कोडप्रमाणेच जाणकारांच्या तपासणीतून जाते. (निव्वळ स्वल्पविराम हलवून प्रमाणपत्र मिळवणाऱ्यांची गोष्ट निराळी.)

म्हणून जिल्ह्यातील महाविद्यालयांनी अंतिम वर्षाच्या प्रकल्पात, स्वीकारल्या गेलेल्या अशा दुरुस्त्यांना गुण द्यावेत, आणि प्रात्यक्षिकांच्या छापील पुस्तिकांवर, त्या पुस्तिका लायब्ररीच्या कोणत्या आवृत्तीवर पडताळल्या आहेत हे पहिल्याच पानावर नमूद करावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली