फोटो परत मिळवून देणाऱ्या त्या दोघांचे आभार

कॉम्प्युटर बसला आणि सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतले, बाराबंदी घातलेल्या अण्णांचे सगळे फोटो गेले असंच आम्ही धरून चाललो होतो. नवी पेठेतल्या दुकानात भेटलेल्या दादांनी आधी बजावलं, "या डिस्कवर आता काहीही टाकू नका, विंडोज तर नाहीच." जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुना फोटो तिथेच असतो म्हणे. सोबतच्या ताईंनी डिस्कची प्रत काढून तिच्यावर फोटोरेक हे गेलेल्या फाइल परत काढणारं सॉफ्टवेअर चालवलं. ते फुकट मिळतं. फाइलचं नाव न बघता ते जेपीईजीच्या, म्हणजे फोटोच्या फाइलच्या, सुरुवातीची खूण शोधतं. म्हणून फोटो आले, नावं गेली. नंदीध्वजांच्या मिरवणुकीत आता पुतणीचं बारसं घुसलंय, असू दे! काही फोटो अर्धे करडे आलेत, तेही ठेवलेत. दोघांनी पैसे सोडा, चहासुद्धा घेतला नाही. दादा, ताई, मनापासून आभार. अण्णांनी घरी जेवायला बोलावलंय.